मुंबईत सतार शिकलेले बीटल

लिव्हरपूलच्या एका बस कंडक्टरच्या घरी १९४३ साली जन्मलेले जॉर्ज हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये मुंबईत आले, ते पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी. ‘रबर सोल’पासून (१९६५) बीटल्सच्या तबकड्या क्रमाने ऐकल्या, तर आरंभी केवळ नावीन्य म्हणून वाजलेली सतार ‘सार्जंट पेपर’मधील (१९६७) त्यांच्या गाण्याचा प्राण झालेली जाणवते. जानेवारी १९६८ मध्ये त्यांनी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’साठी भारतीय वादकांचे ध्वनिमुद्रण केले. ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीतही तेथलेच. त्याच वर्षी, श्रेष्ठ सतारवादक होणे आपल्या आवाक्यात नाही हे ओळखून ते गिटारकडे परतले. जगभर कीर्ती मिळालेल्या कलावंताला हे सोपे नसावे! गुरू मात्र सुटले नाहीत. १९७१ मध्ये रविशंकर यांच्या विनंतीवरूनच त्यांनी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी मदतीची मैफल उभी केली. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.