फाळकेंना होता तो ध्यास, ओसीडी नव्हे!

पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात तुम्ही ग्रुपसोबत फोटो काढले असतील. ज्यांचं हे स्मारक, ते दादासाहेब आज आपल्या कॉलेजात असते, तर आपण बिनधास्त म्हटलं असतं, याला सिनेमाचा ओसीडी आहे!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. मध्ये कला शिकले, फोटोग्राफी केली, छापखाना चालवला. मग मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात एकच विषय बसला. सतत सिनेमे पाहणं, झोप जेमतेम. डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परतली आणि गडी पुन्हा कामाला! विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला. कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोप होताना टिपलं. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रं पाडण्यापासून युनिटच्या जेवणापर्यंत सगळं बघायच्या. ३ मे १९१३ ला गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पुढे फाळकेंनी नाशिकला स्टुडिओ थाटला. १६ फेब्रुवारी १९४४ ला इथंच त्यांचं निधन झालं.

हा ध्यास. त्याची किंमत त्यांनी मोजली, पण धावले ते हव्या असलेल्या गोष्टीमागे. ओसीडीत, म्हणजे मराठीतल्या मंत्रचळात, नेमकं उलटं होतं. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो आणि त्याची भीती घालवायला माणूस तीच कृती करत राहतो. गॅस बंद केलाय हे माहीत असतं, तरी गंगापूर रोडवरून गाडी घराकडे वळते आणि लेक्चर बुडतं. हात सोलवटेपर्यंत धुतले जातात. पेपरात एकच ओळ वाचता वाचता वेळ संपते. तपासलं की क्षणभर बरं वाटतं, म्हणूनच हे चक्र घट्ट होत जातं.

त्यामुळे वह्या नीट लावणाऱ्याला गमतीत ओसीडीवाला म्हणू नका. ज्याला खरंच त्रास आहे, तो हे ऐकून आणखी गप्प बसतो. त्याला नुसतं सोडून दे म्हणूनही भागत नाही. तज्ज्ञांच्या मदतीनं भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं, पण ती कृती करायची नाही, अशी थेरपी असते. गरज पडली तर औषधंही असतात. सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो. मित्राला तो द्या. तो फोन लावेल तेव्हा शेजारी बसा.