विझी : देणग्यांच्या बळावर कर्णधारपद, चौकशीनंतरही क्रिकेट मंडळाचे अध्यक्षपद

लखनौ : भारतीय क्रिकेटमधील पैसा आणि पद यांच्या संबंधांची चर्चा निघाली की विजयनगरमचे महाराजकुमार विजय आनंद गजपती राजू यांचे नाव हमखास घेतले जाते. 'विझी' या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थानिकाची कारकीर्द उदार आश्रयदाता, अयशस्वी कर्णधार आणि प्रभावी प्रशासक अशा तीन टप्प्यांतून गेली. या प्रवासात त्यांच्यावर गंभीर आरोप झाले. मात्र त्या आरोपांनी त्यांची वाट फार काळ अडवली नाही.

२८ डिसेंबर १९०५ रोजी विजयनगरमच्या राजघराण्यात जन्मलेल्या विझींचे शिक्षण अजमेरचे मेयो कॉलेज आणि इंग्लंडमधील हेलीबरी येथे झाले. राजाचे धाकटे पुत्र असल्याने गादी त्यांच्या वाट्याला येणार नव्हती. घराण्याच्या बनारस येथील मालमत्तेवर ते स्थायिक झाले. तेथे त्यांनी क्रिकेटचे मैदान तयार केले आणि स्वतःचा संघ उभारला. १९३०-३१ मध्ये जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ हे इंग्लंडचे नामांकित फलंदाज त्यांच्या संघाकडून भारतात आणि सिलोनमध्ये खेळले.

त्या काळी क्रिकेट नियामक मंडळाचा कारभार मोठ्या प्रमाणावर संस्थानिकांच्या देणग्यांवर चालत असे. साहजिकच देणगीदाराचा शब्द निवडीतही चाले. याच वातावरणात १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी सी. के. नायडू यांच्यासारखा अनुभवी खेळाडू संघात असूनही कर्णधारपद विझींकडे गेले. मंडळाच्या तिजोरीला हात लावल्याचा ठपका त्यांच्यावर कधी नव्हता. पदरचे पैसे खर्चून त्यांनी पद मिळवले, असा आक्षेप होता.

दौऱ्यात संघात गट पडले. पहिल्या कसोटीपूर्वीच अष्टपैलू लाला अमरनाथ यांना बेशिस्तीच्या कारणावरून मायदेशी धाडण्यात आले. भारतातर्फे पहिले कसोटी शतक ठोकणाऱ्या या खेळाडूचे वय तेव्हा अवघे २४ होते. पुढे महायुद्धामुळे अधिकृत कसोटी सामने थांबले आणि त्यांना पुढची कसोटी खेळण्यासाठी १९४६ पर्यंत थांबावे लागले.

मँचेस्टर कसोटीत मुंबईच्या विजय मर्चंट यांना धावबाद करावे, यासाठी कर्णधाराने आपल्याला सोन्याचे घड्याळ देऊ केले होते, असे सलामीचे फलंदाज मुश्ताक अली यांनी नंतर सांगितले. प्रत्यक्षात या जोडीने २०३ धावांची सलामी दिली आणि दोघांनीही शतके झळकावली. न्याहारीच्या वेळी नायडूंचा अपमान केल्याचे बक्षीस म्हणून बाका जिलानी यांना कसोटी संघात घेण्यात आले, असाही आरोप झाला. भारताने मालिका ०-२ अशी गमावली. स्वतः विझींनी सहा डावांत केवळ ३३ धावा केल्या. त्याच दौऱ्यात त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

दौऱ्यातील वादांच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन ब्यूमाँट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जानेवारी १९३७ च्या अहवालात समितीने विझींच्या नेतृत्वावर कडक ताशेरे ओढले. क्षेत्ररचना आणि गोलंदाजीतील बदल त्यांना उमगत नव्हते, असा तिचा निष्कर्ष होता. अमरनाथ यांना दोषमुक्त करण्यात आले.

अहवालाने विझींच्या सार्वजनिक जीवनाला मात्र खीळ बसली नाही. त्याच वर्षी लखनौमध्ये संयुक्त प्रांताचे अल्पकालीन मंत्रिमंडळ छतारीच्या नवाबांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाले आणि विझी त्यात मंत्री झाले. स्वातंत्र्याच्या वेळी त्यांनी 'सर' किताबाचा त्याग केला. उत्तर प्रदेशच्या क्रिकेट संघटनेत त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. ऑक्टोबर १९५२ मध्ये लखनौ विद्यापीठाच्या मैदानावर शहरातील पहिली कसोटी झाली. मॅटिंगच्या खेळपट्टीवर फजल महमूद यांनी १२ बळी घेतले आणि पाकिस्तानने आपला पहिला कसोटी विजय नोंदवला. त्या मैदानावर पुन्हा कसोटी सामना झाला नाही.

१९५४ मध्ये विझी क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. ज्या अमरनाथांना त्यांच्या नेतृत्वाखालील संघातून परत पाठवण्यात आले होते, तेच त्या काळात निवड समितीचे प्रमुख होते. ज्या नायडूंना डावलून विझी कर्णधार झाले होते, त्यांनी वयाची साठी उलटल्यावर १९५६-५७ च्या रणजी हंगामात उत्तर प्रदेशचे नेतृत्व केले.

१९५८ मध्ये विझींना पद्मभूषण किताब मिळाला. विशाखापट्टणममधून ते लोकसभेवरही निवडून गेले. २ डिसेंबर १९६५ रोजी बनारस येथे त्यांचे निधन झाले. विद्यापीठीय क्रिकेटमधील विझी करंडक आजही त्यांच्या नावाने खेळला जातो.

त्यांच्या खर्चाने अनेक खेळाडूंना संधी मिळाली, हे नाकारता येत नाही. मात्र क्रिकेटचा कारभार देणगीदाराच्या मर्जीवर सोपवला की त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे अमरनाथांच्या वाया गेलेल्या दौऱ्याने दाखवून दिले. चौकशी झाली, दोषही नोंदवला गेला. पण तो दोष पुढील पदाच्या आड यावा, अशी तरतूद त्या व्यवस्थेत नव्हती.