ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र आपणांपुढे ठेवावे असे मनात आले, तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स यांचेच नाव प्रथम आठवले. देवाची उपासना बुद्धीने समजून व अंतःकरणाने रंगून कशी करावी, याचा धडा त्यांनी मराठी वाणीत घालून दिला आहे. हा धडा तुमच्याइतकाच मलाही हवा आहे. वेदीपुढे उभा राहून केवळ ओठांनी मिस्सा म्हणून मोकळा झालो, असे दिवस माझ्याही आयुष्यात आले आहेत.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात सन १५४९ च्या सुमारास झाला. त्यांच्या तरुणपणी त्या देशात कॅथॉलिक उपासना करणे हा गुन्हा ठरला होता. त्यांचे स्नेही थॉमस पाऊंड यांस श्रद्धेपायी दीर्घ तुरुंगवास घडला. स्टीफन्स रोमला पोहोचले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. पुढे ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन बंदर सोडले आणि आफ्रिकेच्या टोकास वळसा घालून, सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून, ते २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास उतरले. मायदेशी ते पुन्हा कधीही गेले नाहीत.

सुमारे चाळीस वर्षे त्यांची सेवा मुख्यतः साष्टी प्रांतात झाली. ती भूमी सोपी नव्हती. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती व लोकांच्या जुन्या धर्मग्रंथांवर बंदी घातली होती. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे अकबराच्या दरबारी राहून आलेले फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. तदनंतर सत्ताधाऱ्यांनी गावच्या प्रमुखांस ठार केले. दोन्ही बाजूंचे रक्त त्या मातीत मिसळले. ज्या उपदेशकास अशा ठिकाणी प्रेमाचे शुभवर्तमान सांगावयाचे होते, त्यास तलवारीच्या सावलीपासून दूर असा दुसरा मार्ग शोधणे प्राप्तच होते.

तो मार्ग भाषेचा होता. त्याच १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते, हे नमूद केले. युरोपीय विद्वानांनी हा विषय पुढे मोठ्या प्रमाणावर हाती घेतला तो सुमारे दोनशे वर्षांनी. मिशनऱ्याने लोकांची भाषा केवळ कामापुरती शिकावी, हे त्यांस पुरेसे वाटले नाही. त्यांनी कोंकणीचे व्याकरण रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषेचे छापील स्वरूपात आलेले हे पहिले व्याकरण गणले जाते. कोंकणीतच त्यांनी प्रश्नोत्तररूपाने ख्रिस्ती तत्त्वांचे पुस्तक लिहिले व ते १६२२ साली निघाले. ही बुद्धीची शिदोरी झाली.

परंतु नवख्रिस्ती लोकांची भूक एवढ्याने भागणारी नव्हती. पुराण ऐकण्याची त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. जुनी पुराणे गेली आणि त्यांची जागा रिकामी राहिली. प्रश्नोत्तरे पाठ करून मनुष्य धर्म जाणू शकेल. परंतु दिवेलागणीस काय गावे, दुःखात काय गुणगुणावे, हे त्यास कोण देणार? ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचिले. ते १६१६ साली छापून निघाले.

या ग्रंथात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची जुन्या कराराची कथा असून दुसऱ्या भागात प्रभू येशूचे चरित्र आहे. ज्या ओवीत ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ सांगितला व जिच्यात स्टीफन्स यांचे समकालीन एकनाथमहाराज लिहीत होते, तीच ओवी या इंग्रज धर्मगुरूने पत्करिली. स्वर्गास त्यांनी वैकुंठ म्हटले. भाषा ग्रंथाची मराठी ठेविली. तथापि सामान्य श्रोत्यास समजावे म्हणून तीत कोंकणी शब्द मिसळले. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्यामुळे ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. रविवारी व सणांच्या दिवशी तो देवळांत वाचला व गाइला जाऊ लागला.

१६१९ साली स्टीफन्स निवर्तले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली भाषा सोडावी असा हुकूम काढला. तरीही भाविकांनी हस्तलिखिते जपली. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे नवी आवृत्ती निघाली व १९५६ साली पुण्यास देवनागरीत ग्रंथ प्रसिद्ध झाला. जे अंतःकरणात शिरते ते हुकुमाने निघत नाही.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या दौंड तालुक्यातील यवत, वरवंड या गावांवरून तुकोबांची पालखी जाते, तेव्हा निरक्षर म्हातारीसुद्धा अभंग गाते व त्याचा अर्थही जाणते. भीमा व घोडनदीच्या काठच्या आपणां ख्रिस्ती जनांस मायबोलीत मिस्सा लाभली, ती व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने १९६३ साली दार उघडले म्हणून. आपल्या आजोबा-आजींनी लॅटिन शब्द न कळताही गुडघे टेकून अश्रू ढाळले. आपणांस प्रत्येक शब्द कळतो. मग डोळे कोरडे का? त्यांच्यापाशी भाव होता, आपल्यापाशी अर्थ आहे. एकास दुसऱ्याची जोड हवी.

यास्तव एक लहानसा नेम सुचवितो. रविवारचे वाचन शनिवारी रात्री घरी सर्वांनी मिळून एकदा मोठ्याने वाचावे, व त्यातील एक वाक्य मनात धरून देवळात यावे. मीही प्रवचनापूर्वी तेच करीन. परक्या देशातून आलेल्या एका पुरुषाने आपल्या भाषेवर चाळीस वर्षे वेचली. आपण तिच्यात देवाशी निदान एक तास मनापासून बोलू या.