अण्णांची निवृत्ती

निवृत्त झालो तेव्हा शाल-श्रीफळ मिळाले आणि आता स्वस्थ बसा, असा सल्लाही. मानसरोवरात सकाळी फिरताना आम्हां निवृत्तांच्या गप्पा गुडघे, रक्तदाब आणि विसराळूपणा यांवरच येऊन थांबतात. अशा वेळी मला महर्षी धोंडो केशव कर्वे हटकून आठवतात.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, बालपण कोकणातल्या मुरूडचे. परीक्षेसाठी ते साताऱ्याला शंभराहून अधिक मैल पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! चालण्याची सवय मात्र पुढे उपयोगी पडली. १९०० साली हिंगण्याला आश्रमाची झोपडी उभी राहिली. तेव्हा बेचाळिशीतले अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून चार मैल चालत तिथे जात, पावसाळ्यात चिखल तुडवीत.

नुसत्या चालण्याने कोणी एकशे चार वर्षे जगत नाही, मूळ प्रकृतीही हवी. मला नवल वाटते ते त्यांच्या कामाच्या आखणीचे. १९१४ साली त्यांनी कॉलेज सोडले आणि १९१६ साली, म्हणजे आपण निवृत्तीचे दिवस मोजू लागतो त्या वयात, महिला विद्यापीठ काढले. एकाहत्तराव्या वर्षी ते युरोप, अमेरिका, जपानला निघाले. पुढे आफ्रिका केली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ, तर १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ. एक काम मार्गी लागले की ते इतरांवर सोपवायचे आणि स्वतः नवे हाती घ्यायचे. आपल्याला साधी खुर्ची सोडवत नाही! (मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी हलके घ्यावे.)

दुःखे त्यांनाही चुकली नाहीत. ब्याण्णवाव्या वर्षी पत्नी आनंदीबाई गेल्या. १९५३ साली थोरले चिरंजीव रघुनाथराव गेले. पंचाण्णव वर्षांच्या बापाने ते पाहिले. १९५८ साली शंभरी भरली, भारतरत्न मिळाले, टपालाचे तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात अण्णा गेले.

मंडळाची हिशेबाची वही बरीच वर्षे माझ्याकडे होती. यंदा ती तरुणांकडे दिली. आता शनिवारी संध्याकाळी आपल्या मुलांना बाराखडी शिकवतो. ‘ळ’ अजून कोणाच्या जिभेवर बसलेला नाही.