दर हजारी किती? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की रात्री दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी परिचारिका डोळ्यांसमोर येते. ते चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. मला त्या अधिक भावतात त्या आकडे मांडणाऱ्या म्हणून. आपल्यापैकी बरेच जण पुढे सैन्यात जाणार. सैनिकाचा जीव नेमका कशाने जातो हे त्यांनी ज्या रीतीने शोधले, ती रीत आपल्याला ठाऊक असावी असे मला वाटते.

12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात त्यांचा जन्म झाला आणि शहराचेच नाव मुलीला मिळाले. घर सधन इंग्रजांचे. वडिलांनी मुलींना स्वतः शिकवले आणि फ्लॉरेन्स यांना गणिताची ओढ लागली. श्रीमंत घरातल्या मुलीने रुग्णसेवा करणे त्या काळी कमीपणाचे मानत. घरचा विरोध अनेक वर्षे चालला, पण त्या मागे हटल्या नाहीत.

1854 साली ब्रिटन रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उतरला. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला, 38 परिचारिकांना घेऊन नाइटिंगेल इस्तंबूलसमोरच्या स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. रुग्णालय कसले, तुंबलेल्या गटारांवर उभी असलेली जुनी बराक ती. जखमी आणि आजारी सैनिक जहाजांतून काळा समुद्र ओलांडून येत आणि तिथे पटकी, हगवण, टायफस यांनी दगावत. कपडे, अन्न, स्वच्छता यांची व्यवस्था बाईंनी लावली, तरी हिवाळाभर मृत्यू थांबले नाहीत. मार्च 1855 मध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोग आला. त्याने गटारे उपसली, पाणी स्वच्छ केले, हवा खेळती केली. फेब्रुवारीत उपचार घेणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी 42 हून अधिक मरत होते. जूनपर्यंत ते प्रमाण 2 च्या आसपास आले.

युद्ध संपल्यावर, 1856 साली, त्या मायदेशी परतल्या आणि माझ्या मते खरे काम तेव्हा सुरू झाले. सरकारी नोंदणी खात्यातील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने त्यांनी युद्धातल्या मृत्यूंचा महिनावार हिशेब मांडला. जानेवारी 1855 चाच महिना घ्या. सैन्य सरासरी 32,393. त्या महिन्यात मृत्यू 3,168. त्यांपैकी शत्रूच्या गोळीने किंवा जखमांनी गेले फक्त 83! टाळता येण्यासारख्या साथीच्या रोगांनी गेले 2,761, आणि उरलेले 324 इतर कारणांनी.

पण त्या या संख्यांवर थांबल्या नाहीत. नुसती संख्या फसवते. समजा, एका हाउसमधले 12 कॅडेट सिक रिपोर्टवर आहेत आणि दुसऱ्यातले 9. पहिले हाउस जास्त आजारी वाटेल. पण पहिल्यात 120 मुले असतील आणि दुसऱ्यात 60, तर प्रमाण अनुक्रमे 10 टक्के आणि 15 टक्के ठरते. सैन्याची संख्या तर दर महिन्याला बदलत होती. म्हणून नाइटिंगेल यांनी प्रत्येक महिन्याचे मृत्यू त्या महिन्याच्या सैन्यसंख्येने भागले, हजाराने आणि मग बाराने गुणले. हा झाला दर हजारी वार्षिक मृत्युदर. जानेवारी 1855 साठी रोगांचा दर येतो 1,022.8. वही काढून करून पाहा. हजारामागे हजाराहून जास्त कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. अर्थ असा की तोच वेग वर्षभर टिकला असता, तर अख्खे सैन्य रोगानेच संपले असते आणि भरतीला आलेल्यांपैकीही काही गेले असते. जखमांचा दर त्याच महिन्यात 30.7.

हे आकडे मंत्री वाचणार नाहीत हे त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांनी चित्र काढले. वर्तुळाच्या केंद्राभोवती बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, प्रत्येकीचा कोन 30 अंश. रोगांना निळा रंग, जखमांना लाल, इतर कारणांना काळा. आधीच्या आकृतीत त्यांनी केंद्रापासूनची लांबी दराच्या प्रमाणात ठेवली होती. पण त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते, आणि डोळा क्षेत्रफळ पाहतो. म्हणजे चित्र गोष्ट फुगवून सांगत होते. ते आपल्याच बाजूचे होते तरी त्यांनी बदलले आणि पाकळीचे क्षेत्रफळ दराच्या प्रमाणात ठेवले. मला हा प्रसंग दिव्याच्या गोष्टीपेक्षा मोठा वाटतो. स्कुतारीचे, म्हणजे जिथे त्या स्वतः राबल्या त्या रुग्णालयाचे, भयंकर आकडेही त्यांनी झाकले नाहीत. शांततेच्या काळातही इंग्लंडमधल्या बराकींत तरुण सैनिक त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट दराने मरतात, हेही त्यांनी तुलनेने दाखवले. 1858 साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

मग त्यांचे लक्ष भारताकडे वळले. त्या इथे कधीच आल्या नाहीत. तब्येत इतकी ढासळली होती की बरेच काम अंथरुणावरून चाले. त्यांनी इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठवल्या: पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, बराकीत किती माणसे झोपतात. 1863 च्या अहवालातून दिसले की भारतातले ब्रिटिश सैनिक दरवर्षी दर हजारी 69 या दराने मरत होते, आणि तेही मुख्यतः रोगांनी. 1873 साली त्यांनी मांडलेल्या हिशेबात हा दर 18 होता. अहवालाचा रोख ब्रिटिश सैनिकांवर होता, हे खटकतेच. पुढे मात्र त्यांनी भारतीय खेड्यांची स्वच्छता, कालवे आणि दुष्काळ यांवर वर्षानुवर्षे लिहिले.

13 ऑगस्ट 1910 रोजी, वयाच्या 90 व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा प्रस्ताव नातेवाइकांनी नाकारला. शवपेटी सैन्यातल्या सार्जंटांनी खांद्यावर नेली. ईस्ट वेलो गावातल्या दगडावर त्यांच्या नावाची फक्त आद्याक्षरे आहेत आणि जन्म-मृत्यूची साले.