जुहूच्या मैदानावरील एक शिकाऊ वैमानिक

आमच्या उपनगरांतील व्यापारी मंडळींस जुहू हें नांव समुद्रकिनारा आणि मोठमोठ्या बंगल्यांमुळें ठाऊक आहे. परंतु अंधेरी तालुक्यांतील याच किनाऱ्यालगत १९२८ सालीं विमानें उतरविण्याचें मैदान झालें, आणि तेथें मुंबई फ्लाइंग क्लबानें विमान चालविण्याचें शिक्षण देण्यास आरंभ केला, हें फार थोड्यांच्या स्मरणांत असेल. त्या मैदानावर शिकलेल्या एका विद्यार्थ्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. मुलानें किंवा मुलीनें विमान चालविण्यास अथवा पॅराशूट घेऊन आकाशांतून उडी मारण्यास शिकतों म्हटलें, कीं आमच्या घरांतून दोनच उत्तरें येतात: हा श्रीमंतांचा षोक आहे, किंवा हा जिवाशीं खेळ आहे. हीं दोन्ही उत्तरें एकदां तपासून पाहण्याजोगीं आहेत.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. उत्तर फ्रान्समध्यें हार्दलो या समुद्रकांठच्या गांवीं त्यांचें कुटुंब उन्हाळ्यांत राहात असे, आणि शेजार होता ब्लेरियो यांचा. विमानांतून इंग्लंडची खाडी प्रथम ओलांडणारे ते हेच ब्लेरियो. त्यांचा वैमानिक पेगू तेथील वाळूवर विमान उतरवी आणि लहान जहांगीर तें पाहात उभा राही. याच पेगूनें १९१३ सालीं चालतें विमान आकाशांतच सोडून पॅराशूटच्या आधारानें जमीन गांठली; विमान मोडलें, माणूस वांचला. अशा शेजारांत वाढलेला मुलगा पंधराव्या वर्षीं याच किनाऱ्यावर प्रथम विमानांत बसला, तेव्हां त्याच्या मनानें काय घेतलें असेल हें निराळें सांगावयास नको.

तरी स्वतः शिकण्याचा योग येण्यास आणखी नऊ वर्षें गेलीं. जुहूस क्लब सुरू होतांच टाटा तेथें दाखल झाले. क्लबाचें विमान मॉथ जातीचें, म्हणजे लांकडाच्या सांगाड्यावर कापड ताणलेलें, एका एंजिनाचें व उघड्या दोन बैठकींचें. एका बैठकींत शिक्षक, दुसरींत विद्यार्थी. दोघांचे दांडे एकमेकांस जोडलेले, त्यामुळें विद्यार्थ्याचा हात चुकला तर शिक्षक तेथल्या तेथें सांवरून घेतो. टाटा असे अवघे ३ तास ४५ मिनिटें शिकले आणि एकटे उडाले. (हा आंकडा वाचून कोणीं आपल्या शिक्षकामागें घाईचा तगादा लावूं नये. सर्वांचे हात सारखे नसतात.) १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांस परवाना मिळाला, हिंदुस्थानांत दिला गेलेला तो पहिलाच.

आतां पहिल्या वाहनाची गोष्ट. पैशाला तोटा नसलेल्या तरुणानें बाजारांतील सर्वांत वेगवान यंत्र घ्यावें अशी आपली कल्पना असते. पुढल्या वर्षीं लांबच्या उड्डाणास निघतांना टाटा यांनीं घेतलें तें जिप्सी मॉथ, म्हणजे ज्या जातीवर हात बसला होता त्याच जातीचें. पॅराशूट शिकविणारे आजहि हेंच सांगतात. आरंभीं क्लबाचें पॅराशूट वापरावें; तें मोठें, सावकाश उतरणारें, चूक पोटांत घालणारें असावें; लहान व चपळ पॅराशूट पुष्कळ उड्यांनंतर घ्यावें; आणि पाठीवर दुसरें राखीव असल्यावांचून विमानाचें दार ओलांडूं नये. जिवाशीं खेळ होतो तो बहुधा या पायऱ्या गाळल्या म्हणजे. पहिल्याच वर्षीं उधारीवर मोठी पेढी थाटणाऱ्याचें काय होतें, हें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं शिकवावयास नको.

तें लांबचें उड्डाण असें. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास ठराविक मुदतींत एकट्यानें विमान चालवून प्रथम पुरा करणाऱ्या हिंदी मनुष्यास आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लाविलें होतें. टाटा मे १९३० मध्यें कराचीहून निघाले. ॲस्पी एंजिनियर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून इकडे येत होता. मिसर देशांत अबुकीर येथें दोघांची गांठ पडली. ॲस्पी तेथें अडकून पडला होता, कारण त्याच्या एंजिनास हवे असलेले स्पार्क प्लग मिळत नव्हते. टाटा यांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्यास काढून दिले. पुढें ॲस्पी कांहीं तासांनीं आधीं पोंचला आणि बक्षीस त्याचें झालें. प्रतिस्पर्ध्याचें दुकान कधीं बंद पडतें याची वाट पाहणाऱ्यांनीं ही हकीगत दोनदां वाचावी. हाच ॲस्पी १९६० सालीं आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

षोक म्हणून शिकलेल्या या विद्येचा पुढें धंदा झाला. टपालाची विमानें चालविण्यासाठीं सरकारनें आर्थिक मदत नाकारिली, तेव्हां टाटा मंडळींनीं २ लाख रुपये घालून मदतीवांचून काम पत्करलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर टाटा स्वतः पस् मॉथ विमानांत ५५ पौंड टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादेस थांबले व जुहूस उतरले. अहमदाबादेस पेट्रोल आलें तें बैलगाडींतून! जुहूस झांवळ्यांनीं शाकारलेली एक शेड होती, आणि पावसाळ्यांत मैदान पाण्याखालीं गेलें कीं बिऱ्हाड पुण्यास येरवड्यास न्यावें लागे. तरी पहिल्या वर्षीं ६०,००० रुपये नफा झाला. त्यांतूनच १९४६ सालीं एअर इंडिया हें नांव आलें, १९५३ सालीं ती कंपनी सरकारनें घेतली, आणि २०२२ सालीं ती पुन्हां टाटांकडे गेली.

टाटा श्रीमंत होते, हें आम्ही नाकारीत नाहीं. शिकण्याचा खर्च त्यांस जड गेला नाहीं. बोरिवलीच्या कारकुनाच्या किंवा मुलुंडच्या किराणा दुकानदाराच्या मुलास तो आजहि जड जातो. परंतु याचा अर्थ विद्या वाईट असा होत नाहीं. दार अरुंद आहे इतकाच होतो. तें रुंद करणें आमच्या हातीं आहे. घाटकोपर-अंधेरीच्या व्यापारी मंडळांचा वार्षिक स्नेहभोजनावर जो खर्च होतो, त्यांतील एका वर्षाचा वांचवून एका होतकरू मुलाची फी भरतां येणार नाहीं काय? आणि मुलगाच कां? टाटा यांच्या भगिनी सिला यांनींहि विमान चालविण्याचा परवाना मिळविला होता, आणि तोहि पुष्कळ घरांत मुलीस सायकलसुद्धां मिळत नसे त्या काळीं.

१९७८ पर्यंत टाटा एअर इंडियाचे अध्यक्ष होते. १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, पहिल्या टपालास पन्नास वर्षें झालीं त्या दिवशीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं ते कराचीस पुन्हां एका लहान लेपर्ड मॉथ विमानांत एकटे बसले आणि सायंकाळीं जुहूच्या त्याच मैदानावर उतरले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनिव्हा येथें त्यांचें देहावसान झालें. पॅरिसमध्यें, जेथें जन्म झाला तेथेंच, त्यांस मूठमाती देण्यांत आली.