विश्लेषण : क्वेरी रखडते तेव्हा एडगर कॉड का आठवतात?

इंग्लंडच्या पोर्टलंड बेटावर १९२३ मध्ये जन्मलेले, ऑक्सफर्डमध्ये गणित शिकलेले आणि महायुद्धात वैमानिक असलेले एडगर कॉड १९४८ मध्ये ‘आयबीएम’मध्ये आले. सॅन होजेच्या प्रयोगशाळेतून १९७० मध्ये त्यांनी ‘रिलेशनल मॉडेल’चा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तोवर एका नोंदीवरून दुसरीकडे जाण्याची वाट प्रोग्रामरलाच आखावी लागे. साठवणीची रचना बदलली की प्रोग्रामही बदला. कॉड यांनी साधे तक्ते सुचवले. वापरणाऱ्याने काय हवे तेवढे सांगायचे, ते कसे आणायचे हे यंत्रणेने ठरवायचे.

हे संथ चालणार नाही का?

आक्षेप नेमका हाच होता. शिवाय आयबीएमचे ‘आयएमएस’ चांगले खपत होते. घरच्याच संशोधकाने त्याला दिलेला पर्याय कंपनीला कसा रुचणार? तरी उत्तर आले ते तिच्याच ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातून. पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेला ऑप्टिमायझर नोंदींची संख्या आणि उपलब्ध इंडेक्स पाहून प्रत्येक मार्गाचा खर्च अंदाजतो व स्वस्तातला निवडतो. अंदाज चुकला की मार्गही चुकतो. म्हणूनच क्वेरी रखडली की जाणते डीबीए सर्व्हर वाढवण्याआधी ‘एक्झिक्युशन प्लॅन’ उघडतात, स्टॅटिस्टिक्स जुने झाले आहेत का ते पाहतात.

एसक्यूएल कॉड यांचीच?

नाही, ती चेंबरलिन आणि बॉइस यांची. एकच ओळ तक्त्यात दोनदा येऊ देणारी ही भाषा कॉड यांना खटकतच राहिली. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.